दोरी, ओळंबा आणि चंद्र: गुरुत्व त्वरण मोजायचं कसं

खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, हा आकडा म्हणजे गुरुत्व त्वरण. पुस्तकात तो ९.८ असा छापलेला असतो आणि बहुतेक जण तो पाठ करून पुढे जातात. प्रत्यक्षात तो मोजायला एक मीटर दोरी, एक ओळंबा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. काम नीट केलं तर उत्तर एक टक्क्याच्या आत येतं. शिवाय ज्या सूत्राने ते येतं, त्यातच दोरीच्या जागी चंद्राचं अंतर आणि दोलनाच्या जागी चंद्राची फेरी घातली, की चंद्र पृथ्वीकडे किती त्वरणाने ओढला जातो तेही कळतं. सूत्र असं:

गुरुत्व त्वरण = ३९.४८ × लांबी ÷ (आवर्तकाल × आवर्तकाल)

लांबी मीटरमध्ये, आवर्तकाल सेकंदात. ३९.४८ म्हणजे पायच्या वर्गाची चौपट. आवर्तकाल म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ: लंबक मधल्या जागेतून उजवीकडे गेला, परत येऊन डावीकडे गेला आणि पुन्हा त्याच मधल्या जागेतून उजवीकडे निघाला, की एक दोलन झालं. मधल्या जागेतून नुसता पलीकडे गेला की एक, असं मोजणारे अर्धं दोलन मोजतात आणि त्यांचं उत्तर चौपट येतं. ही चूक निदान लगेच दिसते. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्या इतक्या सहज दिसत नाहीत.

लंबक टांगताना

गोळा जड आणि लहान हवा. गवंड्याचा पितळी किंवा लोखंडी ओळंबा उत्तम. तो नसेल तर ५० ते २०० ग्रॅमचा मोठा नट चालतो. वस्तुमान किती आहे याने आवर्तकाल बदलत नाही, पण हलक्या गोळ्याला हवा लवकर थांबवते आणि पन्नास दोलनं पूर्ण होत नाहीत. प्लास्टिकचा पोकळ चेंडू तर मुळीच घेऊ नका. हवा त्याला वर उचलून धरते, त्यामुळे त्याचं उत्तर खरोखरच कमी येतं.

दोरी न ताणणारी हवी. रबरी धागा अर्थातच बाद, पण मासेमारीची नायलॉनची दोरीसुद्धा वजन लावल्यावर लांबते. पीळ घातलेला सुती धागा गोळ्याला स्वतःभोवती फिरवत राहतो. विणलेली बारीक दोरी हा त्रास देत नाही. कोणतीही दोरी असली तरी गोळा लटकवून दहा मिनिटं तशीच राहू द्या आणि मगच लांबी मोजा. ताण नसलेल्या दोरीची लांबी मोजण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा वरच्या टोकाला होतो. दोरी खिळ्याला गुंडाळून बांधली तर झुलताना ती खिळ्यावर थोडी गुंडाळली जाते, थोडी सुटते आणि लांबी दर क्षणी बदलते. गाठीचा फास असेल तर तो घसरतो. त्याऐवजी दोरी दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये घट्ट दाबून धरा, म्हणजे ती पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून स्वच्छ वाकते. लांबी त्या कडेपासून मोजायची. पट्ट्या ज्याला लावल्या आहेत ते टेबल किंवा चौकट हाताने हलवून बघा. आधार लंबकाबरोबर हलत असेल तर आवर्तकाल वाढतो आणि त्वरण कमी भरतं.

खालचं टोक म्हणजे गोळ्याचा गुरुत्वमध्य. गोळ्याचा वरचा हुक नव्हे. गोल गोळ्याचा मध्य सहज सापडतो. ओळंबा निमुळता असतो, म्हणून तो आडवा करून पट्टीच्या कडेवर तोलून बघा आणि जिथे तोल साधतो तिथे पेनाने खूण करा. एक मीटर लांबीत दीड सेंटिमीटर चुकलं, तर उत्तर दीड टक्क्याने चुकतं.

मोजणी

लंबकाच्या मागे भिंतीवर कागद चिकटवा. गोळा स्थिर असताना दोरीच्या बरोबर मागे एक उभी रेघ ओढा. लंबक त्या रेघेवरून जाईल त्या क्षणी घड्याळ सुरू करायचं आणि रेघेवरच थांबवायचं. अनेक जण टोकाला, गोळा वळतो तिथे, घड्याळ दाबतात, कारण तिथे तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. नेमकं तेच चुकीचं आहे. एक मीटरचा लंबक आठ सेंटिमीटर बाजूला नेऊन सोडला, तर वळण्यापूर्वीच्या शेवटच्या दहाव्या भाग सेकंदात तो जेमतेम चार मिलिमीटर सरकतो. एवढ्या हालचालीवरून वळण्याचा क्षण कोणालाही नेमका पकडता येत नाही. मधल्या रेघेवर तेवढ्याच वेळात तो पंचवीस मिलिमीटर जातो. तिथे डोळा फसत नाही. फक्त डोळा सगळ्या मोजणीभर एकाच जागी ठेवा, नाहीतर रेघ आणि दोरी यांचं जुळणं सरकतं.

गोळा बाजूला न्यायचा तो थोडाच. एक मीटर दोरीला आठ-नऊ सेंटिमीटर म्हणजे साधारण ५ अंश. वरचं सूत्र लहान कोनासाठीच खरं आहे. कोन वाढला की आवर्तकाल वाढतो: ५ अंशांना ०.०५ टक्का, २० अंशांना पाऊण टक्का, ३० अंशांना पावणेदोन टक्के. आवर्तकालाचा सूत्रात वर्ग होतो, म्हणून उत्तरातली चूक याच्या दुप्पट. सोडताना धक्का द्यायचा नाही, बोटं अलगद उघडायची. बाजूचा धक्का बसला तर गोळा लंबवर्तुळात फिरू लागतो. तसं झालं तर थांबवून पुन्हा सोडा.

पहिली दोन-तीन दोलनं जाऊ द्या. मग गोळा डावीकडून उजवीकडे रेघ ओलांडताना 'शून्य' म्हणा आणि घड्याळ सुरू करा. पुढच्या वेळी त्याच दिशेने ओलांडताना 'एक'. 'पन्नास'ला थांबवा. पन्नासच का? बोट दाबण्यात सुरुवातीला आणि शेवटी मिळून ०.२ सेकंदाची चूक धरू. एकाच दोलनात ती दहा टक्के होईल; पन्नास दोलनांच्या शंभर सेकंदांत ती ०.२ टक्का उरते. मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ काढून पहिल्या आणि शेवटच्या ओलांडण्याच्या फ्रेम शोधल्या तर हीही चूक जवळजवळ जाते. तीच मोजणी तीनदा करा. तीन आकड्यांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त तफावत असेल, तर दोलनांची संख्या चुकलेली नाही, बोट किंवा लक्ष चुकलं आहे. तफावत दोन सेकंदांच्या आसपास असेल, तर एक दोलन जास्त किंवा कमी मोजलं गेलं आहे.

उदाहरणादाखल: लांबी ०.९०० मीटर, पन्नास दोलनांना ९५.२ सेकंद. आवर्तकाल १.९०४, त्याचा वर्ग ३.६२५. ३९.४८ × ०.९०० ÷ ३.६२५ = ९.८०.

उत्तर चुकलं तर चूक कुठे आहे ते शोधा

उत्तर ९.८ आलं नाही की 'प्रयोग ढोबळ आहे' म्हणून वही मिटण्याची सवय वाईट. चुकीचा आकडा स्वतःच बरंच काही सांगतो. त्यासाठी दुसरी मोजणी करा: दोरी ०.५०० मीटर ठेवा. आता पन्नास दोलनांना साधारण ७१ सेकंद लागायला हवेत.

दोन्ही लांब्यांना उत्तर सारखंच पण चुकीचं येत असेल, तर मोजणी तपासा. वीस दोलनं मोजताना 'शून्य'ऐवजी 'एक'पासून सुरुवात केली, तर प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं होतात आणि उत्तर १०.८७ येतं. दहाच्या वरचा आकडा दिसला की पहिला संशय यावरच घ्यावा.

लांबी कमी केल्यावर उत्तरही घसरत असेल, तर लांबी मोजण्यात चूक आहे. समजा, मोजपट्टी गोळ्याच्या मध्यापर्यंत न नेता वरच्या कडेपर्यंत नेली आणि दीड सेंटिमीटर राहिला. तर ०.८८५ मीटर धरून उत्तर ९.६४ येतं आणि ०.४८५ धरून ९.५०. तेवढाच दीड सेंटिमीटर लहान दोरीला जास्त जाचतो.

यावर एक सुरेख उपाय आहे. दोन लांब्यांमधला फरक घ्या आणि आवर्तकालांच्या वर्गांमधला फरक घ्या, आणि सूत्रात लांबीच्या व वर्गाच्या जागी हे फरक घाला. ०.४०० मीटर आणि ३.६२५ वजा २.०१६, म्हणजे १.६०९. उत्तर ९.८२. गोळ्याचा मध्य कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं, कारण दोन्ही मोजण्यांतली तीच चूक वजाबाकीत निघून जाते. मोजपट्टी दोन्ही वेळा गोळ्यावरच्या एकाच खुणेपर्यंत न्यायची, एवढंच पथ्य.

तुमच्या गावी खरा आकडा किती असायला हवा? विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. समुद्रसपाटीला २० अंश अक्षांशावर सुमारे ९.७८६, ५० अंशांवर ९.८११. एक हजार मीटर उंचीवर गेलं की यातून साधारण ०.००३ वजा. हा फरक घड्याळांनीच पहिल्यांदा दाखवून दिला: १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि लंबक आखूड करावा लागला.

मध्ये खिळा ठोकला तर

हाच लंबक ऊर्जेचा हिशेबही दाखवतो. इथे कोन लहान ठेवायची गरज नाही, कारण वेळ मोजायचाच नाही. मागच्या कागदावर, गोळा स्थिर लटकताना त्याचा मध्य येतो तिथून ३० सेंटिमीटर वर एक आडवी रेघ ओढा. ती खरोखर आडवी आहे हे पाणसळीने तपासा. गोळा या रेघेपर्यंत उचलून सोडा. पलीकडे तो जवळजवळ याच रेघेला टेकतो. आता आधाराच्या सरळ खाली, गोळ्याच्या मध्यापासून ४० सेंटिमीटर वर एक खिळा ठोका आणि पुन्हा सोडा. दोरी खिळ्याला अडते, गोळा आखूड दोरीवर झपकन वळतो, पण चढतो तो त्याच रेघेपर्यंत. वाट बदलली, उंची बदलली नाही. उंचीतून मिळालेली स्थितिज ऊर्जा तळाशी गतिज झाली आणि परत उंचीत गेली. तळाशी वेग सेकंदाला २.४ मीटर असतो, गोळा कितीही जड असो.

मग खिळा खाली खाली आणत जा. गोळ्यापासून ३० सेंटिमीटरपर्यंत वरचं सगळं लागू राहतं. त्याच्या खाली खिळा आला की गोळा खिळ्याच्याही वर चढू लागतो आणि रेघेपर्यंत दोरी ताठ राहत नाही. ३० ते १२ सेंटिमीटरच्या मध्ये गोळा अर्धवट चढतो, दोरी सैल पडते आणि गोळा आतल्या बाजूला कोसळतो. १२ च्या खाली, समजा १० सेंटिमीटरवर, तो खिळ्याभोवती पूर्ण फेरी मारतो. १२ च कसे? फेरीच्या माथ्यावर दोरी ताठ राहायला तिथेही पुरेसा वेग लागतो आणि त्यासाठी सोडण्याची उंची फेरीच्या त्रिज्येच्या किमान अडीचपट असावी लागते. ३० भागिले २.५ म्हणजे १२. गोळा सुटून लागू शकतो, म्हणून चेहरा झोक्याच्या रेषेत ठेवू नका.

उतरण

उतरणीवर याच हिशेबाची दुसरी बाजू दिसते: यंत्र बल वाचवतं, कार्य वाचवत नाही. एक मीटर लांब फळी एका टोकाला २५ सेंटिमीटर उचला आणि एक किलोची चाकांची गाडी ताणकाट्याने वर ओढा. गाडीचं वजन ९.८ न्यूटन, त्यामुळे फळीच्या दिशेने २.४५ न्यूटन पुरायला हवेत. काटा मात्र समजा ३.० दाखवतो. जास्तीचं घर्षणाचं. आता गाडी त्याच संथ वेगाने खाली उतरू द्या आणि काटा वाचा: १.९. वर जाताना घर्षण तुमच्या विरुद्ध असतं, उतरताना तुमच्या बाजूने. म्हणून दोन्हींची सरासरी २.४५ हे घर्षणाविना बल आणि फरकाचं अर्ध ०.५५ हे घर्षण. गाडी सरळ उचलली असती तर २.४५ ज्यूल कार्य लागलं असतं, फळीवरून ३.० लागलं, म्हणजे कार्यक्षमता ८२ टक्के. कप्पीच्या संचालाही हीच वर-खाली मोजणी लागू पडते.

काटा तिरपा धरण्यापूर्वी त्याच तिरप्या स्थितीत शून्यावर आणा. उभ्याचा शून्य तिरप्याला चालत नाही, कारण हुकाचं स्वतःचं वजन तेव्हा पूर्ण लागत नाही. गाडी सुरू होतानाचा आकडा घेऊ नका, तो नेहमी जास्त असतो. आणि एक मीटर हे फळीवर मोजायचं, जमिनीवर नाही.

आता चंद्र

लंबक एका रेषेत न झुलवता लहान वर्तुळात फिरवून बघा. एका फेरीचा वेळ दोलनाइतकाच येतो. वर्तुळात फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूचं केंद्राकडचं त्वरण ३९.४८ × त्रिज्या ÷ (फेरीचा काळ × फेरीचा काळ) असतं. सूत्राचा साचा तोच, फक्त दोरीच्या जागी त्रिज्या. चंद्रासाठी त्रिज्या पुस्तकातून घ्यावी लागेल: सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. फेरीचा काळ मात्र स्वतः मोजता येतो.

पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचे २९.५३ दिवस घेऊ नका. तेवढ्या काळात पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकते, म्हणून चंद्राला सूर्यासमोर यायला जास्त चालावं लागतं. तो आकडा घातला तर उत्तर १४ टक्क्यांनी कमी येतं. फेरी ताऱ्याच्या संदर्भात मोजायची. चंद्राच्या वाटेवर चार ठळक तारे आहेत, जे त्याच्या उजेडातही दिसतात: रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. पूर्ण चंद्र रोहिणीजवळ डिसेंबरच्या सुरुवातीला असतो, मघाजवळ फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, चित्राजवळ एप्रिलच्या मध्याला आणि ज्येष्ठाजवळ जूनच्या सुरुवातीला.

तारा आणि चंद्र रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला जवळजवळ असतील त्या दिवशी दोघांमधलं पूर्व-पश्चिम अंतर आणि वेळ लिहा. हात लांब करून धरला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, मूठ १० अंश. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण ०.५५ अंश पूर्वेकडे सरकतो. तो ताऱ्याच्या ३ अंश पश्चिमेला असेल, तर साडेपाच तासांनी त्याच्या रेषेत येणार. उत्तर-दक्षिण अंतराकडे लक्ष देऊ नका. चंद्राची वाट ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून ते बदलत राहतं.

एकच फेरी मोजली तर पुढचं जुळणं दिवसा येण्याची शक्यता असते. तीन फेऱ्या मोजा. तीन फेऱ्यांना ८१ दिवस २३ तास लागतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण ८२ दिवस, त्यामुळे जुळण्याची वेळही जवळपास तीच येते. एवढ्या दिवसांत तारा रात्री नऊला पश्चिमेकडे गेलेला असेल आणि चंद्र पूर्ण न राहता शुद्ध अष्टमी-नवमीचा दिसेल. बोटांच्या मोजणीत एक अंश चुकला तरी ती चूक दोन तासांच्या आत राहते. चंद्राची गती एकसारखी नसल्यामुळे आणखी काही तासांचा फरक पडतो. ८२ दिवसांच्या मानाने हे सगळं नगण्य आहे.

८१ दिवस २३ तासांना तीनने भागलं की एका फेरीचा काळ २७.३२ दिवस, म्हणजे सुमारे २३,६०,६०० सेकंद. त्रिज्या ३८,४४,००,००० मीटर. त्वरण येतं ०.००२७२. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र तेवढ्याच वेळात सरळ रेषेपासून १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. तुमच्या लंबकाच्या ९.८ ला ०.००२७२ ने भागा: साधारण ३६००. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या ६०.३ त्रिज्या दूर आहे आणि ६०.३ चा वर्ग ३६४०. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होते, हा न्यूटनचा नियम दोरी आणि बोटांनी इतपत जवळ येतो.

३६०० आणि ३६४० यांच्यातला एक टक्का मात्र मोजणीची चूक म्हणून सोडू नका. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या एक्क्याऐंशीव्या भागाइतकं आहे आणि तोही पृथ्वीला ओढतो. पृथ्वीही त्याच्याकडे किंचित सरकत असल्यामुळे पृथ्वीवरून बघताना चंद्राचं त्वरण एक भागिले एक्क्याऐंशी, म्हणजे १.२ टक्क्याने जास्त दिसतं.

याच सूत्रात १४.९६ कोटी किलोमीटर आणि ३६५.२५ दिवस घातले तर सूर्याकडचं त्वरण मिळतं: ०.००५९. चंद्रही सूर्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे, म्हणजे सूर्य चंद्राला पृथ्वीच्या दुपटीहून जास्त ओढतो. तरी चंद्र पृथ्वीला सोडून जात नाही, कारण सूर्य पृथ्वीलाही जवळजवळ तेवढंच त्वरण देतो आणि दोघं मिळून त्याच्याकडे वळत राहतात. या दोन ओढींमध्ये जो बारीकसा फरक उरतो, तो चंद्राला फेरीत कधी पुढे तर कधी मागे रेटतो. तुमच्या ८२ दिवसांच्या मोजणीत दिसणाऱ्या काही तासांच्या फरकात लंबवर्तुळाकार कक्षेबरोबर त्याचाही वाटा असतो.